भाईंनी पाहिलेली रिकामी जागा

माझे थोरले बंधू कमलाकांत, म्हणजे आमचे भाई, शहरांचे अर्थशास्त्रज्ञ होते. म्हणजे नेमकं काय, असं आमच्या ठाकूरद्वारात कुणी विचारलंच, तर त्या माणसाला दोन तास तरी सुटका नसे. भाई कॉलेजात शिकवत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत लिहीत. माणसं जितकी दाटीवाटीने राहतील तितकी शहराची भरभराट होते, असा त्यांचा सिद्धांत होता. लालबागच्या चाळीत एकेका खोलीत चौदा-चौदा गिरणीकामगार राहतात, हे त्यांनी स्वतः जाऊन मोजलं होतं, आणि परतताना घोड्याच्या शिग्रमीत त्यांना आनंदाने गहिवरून आलं होतं. आमच्या घरात खोल्या अकरा आणि माणसं तीन: भाई, राजलक्ष्मी वहिनी आणि मी. दाटीचा सिद्धांत भाईंनी मधल्या दालनात, झोपाळ्यावर एकटेच पाय पसरून लिहिला.

लिहिला म्हणजे सांगितला, लिहिला मी. माझं अक्षर फार सुरेख आहे. त्या अक्षराखेरीज हेरंबात काही नाही असं भाईंचं मत होतं, आणि मी त्यांच्याच घरी जेवत असल्यामुळे माझंही तेच मत होतं.

प्लेगाचा पहिला तडाखा ओसरला आणि शहर सुधारण्याची सगळ्यांनाच एकदम घाई झाली. कुठल्या जागा वाया चालल्या आहेत ते शोधायला साहेबांची एक समिती बसली, आणि समितीने भाईंकडे निबंध मागितला. परळच्या पूर्वेला, शिवडीच्या बाजूच्या किनाऱ्यावर एक कोळीवाडा होता. त्याच्यापुढे मोठं मैदान. तिथे कोळी बांबू रोवून, दोऱ्या ताणून बोंबील वाळवत. भाईंना बोंबील ताटात आवडत, हवेत सोसत नसत. म्हणून पाहणीसाठी त्यांनी मुद्दाम श्रावण निवडला.

श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बांबू काढून रचून ठेवलेले. मैदानात चिखल आणि एक बकरी. भाईंनी अत्तराचा रुमाल नाकाला लावून दहा मिनिटं पाहणी केली. घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "लिही. सदर जागा रिकामी असून तीवर कोणताही उद्योग चालत नाही."

माझी लेखणी थांबली. आषाढभर आम्ही जे सुके बोंबील चापले होते, ते त्याच मैदानावर वाळलेले होते. सखुबाई कोळीण वीस वर्षं आमच्या मागल्या दारी मासळी देत आली होती.

"भाई, थंडीत तिथे..."

"हेरंब, शास्त्र ऋतू बघून चालत नाही."

मी लिहिलं. 'रिकामी' हा शब्द तर फारच सुंदर उतरला.

कार्तिकात सखुबाई आली ती टोपली न टेकवताच बोलायला लागली. जागा जाणार अशी दवंडी त्यांच्याकडे पिटली गेली होती. "ओला बोंबील दुपारपातूर टिकत नाय रे हेरंबा. वालवायला जागा नसंल तर चालीस घरांनी खायचं काय? तुझ्या भाईला म्हनावं, एकदा थंडीत येऊन बघ. डोल्यांनी बघितल्यावर कोन रिकामी म्हनंल?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी भाईंपुढे जाऊन अख्खं वाक्य पूर्ण केलं. आणि नवल म्हणजे ते रागावले नाहीत. मार्गशीर्षात समिती स्वतः जागा बघायला जाणारच होती. "पाहू देत," भाई म्हणाले. "मी सत्याला घाबरत नाही." मला इतका आनंद झाला की मी चार घास जास्त जेवलो. वहिनी हसल्यासुद्धा.

समिती येण्याच्या आदल्या सकाळी भाईंनी मला हाक मारली. "कोळीवाड्यात जाऊन सांगून ये. उद्या साहेबलोक येणार. वासाचं तेवढं जरा बघा म्हणावं."

मी ट्रामने परळपर्यंत गेलो आणि पुढे चालत. दुरूनच मैदान दिसलं. दोऱ्यांवर बोंबलांच्या माळाच माळा, खाली बायकांची लगबग, वर कावळ्यांचा गोंधळ. हे बघून आंधळासुद्धा रिकामी म्हणणार नाही, असं मनात आलं आणि मी खुशीत शीळ घातली. सखुबाईला मी निरोप दिला, भाईंच्याच शब्दांत. ती उजळली. "साहेब आमच्या घरी येनार? त्याची तू कायबी काल्जी नको करू."

दुसऱ्या दिवशी आमची शिग्रम मैदानापाशी थांबली. मैदान लख्ख झाडलेलं होतं. सडा घातलेला, रांगोळी काढलेली, आंब्याची तोरणं बांधलेली. बांबू नाहीत, दोऱ्या नाहीत. औषधाला एक बोंबील नाही. सखुबाईने पुढे येऊन कौतुकाने मला सांगितलं, की पाहुण्याला त्रास नको म्हणून चाळीस घरांनी अर्धी वाळलेली मासळी होड्यांत भरून पार दूर खाडीत नेऊन ठेवली होती. सगळ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून, अंगभर सोनं घालून उभ्या होत्या. मधोमध चार खुर्च्या मांडल्या होत्या.

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकाने वहीत काहीतरी टिपलं. भाई नम्रपणे म्हणाले, "मी निबंधात म्हटलंच आहे."

मला इंग्रजी येत होतं. 'साहेब, खाडीतल्या होड्या बघा' एवढं म्हणायला चार शब्द पुरले असते. पण मी भाईंची छत्री धरून उभा राहिलो. सखुबाईने मोठ्या साहेबाच्या हातात नारळ दिला. त्याने हसून घेतला आणि समिती निघाली.

जागा गेली. तिथे वखारी उठल्या. भाईंचं नाव झालं. मद्रासेहून व्याख्यानाचं बोलावणं आलं.

पुढच्या आषाढात सखुबाई मागल्या दारी आली. हातात टोपली नव्हती. सुके बोंबील या वर्षी नाहीत, पुढेही मिळणार नाहीत, एवढंच वहिनींना सांगायला ती लालबागहून चालत आली होती. आता ती तिथल्या एका गिरणीत कापूस निवडायला जात होती. सांगून झालं तरी ती जाईना. मग हळूच म्हणाली, "हेरंबा, खरं सांग. आमचंच चुकलं ना? तू बजावून गेला व्हतास. तरी कुठंतरी वास राहिला असनार."

शरमेने मी खाली बघत राहिलो.

एवढ्यात आतून भाईंची हाक आली. ताटात सुकं नाही म्हणून ते चिडले होते, आणि त्यातून त्यांना नवा विषय सुचला होता: मुंबईत सुक्या मासळीची टंचाई आणि कोळ्यांचा आळस.

"हेरंब, लेखणी घे."

सखुबाई अजून दारात उभी होती. मी आत गेलो आणि लेखणी घेतली.