नासलं नाही, आंबलंय

थोरल्या जावेला गल्ली ‘सडकी ताई’ म्हणायची, तेही तोंडावर. तिच्या शेडमध्ये निळी पिंपं होती. मंडईचा पाला, खानावळीतलं उरलंसुरलं, शेतातला काडीकचरा, सगळं त्यांत साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यात आंबायचं आणि त्याचं काळं, पातळ खत व्हायचं. शेतकरी कॅन भरभरून न्यायचे. वास यायचा, नाही कोण म्हणतंय? पण आंबट वास. “अहो, नासलं नाही, आंबलंय!” हे सांगून तिची जीभ झिजली. खिडकीतून कचरा खाली भिरकावताना ज्यांचं नाक झोपलेलं असतं, त्यांना शेडचा वास मात्र बरोबर यायचा. त्यांनीच तक्रार ठोकली. आरोग्य खात्याच्या साहेबांचा निरोप आला : उद्या बघायला येतो, वास आला तर शेडला सील.

नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. दिराला काम मिळालं तर मिळालं. दोन्ही चुली पिंपांवर चालायच्या. थोरलीने झाकणं घट्ट केली, सांडलेलं धुतलं आणि साहेब जाईपर्यंत पाल्याचा ट्रक थांबवा म्हणून सांगायला मंडईत गेली.

परत आली तर दारात धाकटी जाऊ उभी, पदर खोचून, घामाने निथळत. याच शेडचं खाऊन इतकी वर्षं नाक मुरडणारी बाई.

“ताई, श्वास घे बघू.”

थोरलीने घेतला. दवाखान्याच्या संडासात शिरल्यासारखं झालं.

“फिनेल? फरशीवर टाकलंस?”

“फरशीवर टाकून काय उपयोग? वास पिंपांतून येतो ना! सगळ्यांत ओतलं. उगाच भेदभाव नको. वर काठीने ढवळलं. हात बघ माझे, फोड आलेत.”

थोरलीने झाकण उचललं. कालपर्यंत वर चढणारा फेस बसला होता. काळ्या पाण्यावर दुधाळ रेघा. तिने पिंपाला कान लावला. आत नेहमीची बुडबुड नव्हती.

“मारलंस गं सगळ्यांना.”

“कोणाला? अगंबाई, किडे होते आत?”

“विरजण होतं! दुधाला लावतो तसं. या पिंपातलं त्यात, त्यातलं पुढच्यात. जिवंत असतं ते.” आणि तिला आठवलं. “असू दे. स्वयंपाकघरात बरणीत राखून ठेवलंय.”

धाकटीचा चेहरा उतरला.

“ती काळी बरणी? ती तर मी घासली. आरशासारखी झालीय.”

थोरलीचा हात उठला. एक ठेवूनच द्यायची होती. पण समोरच्या तळहातांवर फोड होते. वाकड्यात शिरून केलं असतं तर सात पिढ्या उद्धरल्या असत्या हिच्या. मदत करायला आलेल्या माणसाचं करायचं काय?

“नवं विरजण आणू ना,” धाकटी मुसमुसत म्हणाली.

“आणू. पण ही भरलेली पिंपं कुठे रिकामी करू? शेतात ओतलं तर जमीन मरेल. गटारात ओतलं तर साहेब आहेतच.”

साहेब सकाळी आले ते रुमाल हातात घेऊनच. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि रुमाल खिशात गेला.

“वा! याला म्हणतात स्वच्छता. आणि लोक उगाच बोंब मारतात.”

तक्रारवाले शेजारी मागे उभे होते. तेही माना डोलवायला लागले. फिनेलच्या वासाला कोण नावं ठेवणार?

थोरलीला गप्प बसता आलं असतं. नाही बसली.

“साहेब, हे मेलंय. चार दिवसांत नासेल. खरंच नासेल, मग घाण सुटेल.”

“म्हणजे आधी नासत नव्हतं?”

“आधी आंबत होतं.”

“बाई, शब्दांचा कीस पाडू नका. दोन्ही एकच.” साहेबांनी शेजाऱ्यांकडे बघून हसून घेतलं. “शेड चालू ठेवा. अट एकच, रोज असंच फिनेल टाकायचं. सगळ्या पिंपांत. आमचा माणूस येऊन वास घेऊन जाईल.”

“अहो, पण रोज टाकलं तर खत होणारच नाही!”

“ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम वासाचं.”

साहेब गेले. शेजारी गेले. एकजण तर जाता जाता “अभिनंदन, ताई” म्हणाला. सडकी म्हणाला नाही.

मंडईचा ट्रक मागे मागे येत दाराला लागला. वर पाल्याचा डोंगर, खालून पाणी गळतंय.

“झालं ना तुमचं? ओतू का?” ड्रायव्हर ओरडला.

थोरलीने भरलेल्या पिंपांकडे बघितलं. हो म्हणावं तर घालायचं कशात, नको म्हणावं तर उद्यापासून मंडई दुसऱ्याला देणार.

“मावशी, लवकर बोला, मागे गाड्या खोळंबल्यात!”

धाकटीने डोळे पुसले. तिला साहेबांचं एवढंच कळलं होतं की शेड वाचली. फिनेलची बाटली उचलून ती पिंपांपाशी गेली.

“ताई, रोज किती टाकायचं गं? झाकणभर पुरेल?”

बाहेर ड्रायव्हरने वाट बघणं सोडलं आणि ट्रकची मागची फळी पाडली.