चाखून न पाहिलेलं दूध

"आधी एक पिशवी वितळवून चाखून बघ गं. शितावरून भाताची परीक्षा कर, मग कोठार भर," असं थोरली म्हणाली होती, आणि धाकटीने "हो ताई, बघते" म्हणून विषय मिटवला होता.

हे "हो ताई, बघते" म्हणजे काय, ते दोन सुनांच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यात हो नसतं आणि बघणंही नसतं. थोरली शाळेत गणित शिकवायची. गणिताबाहेरच्याही सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्यालाच येतात असं तिला वाटतं, हे धाकटीचं जुनं मत. आणि दुधाच्या बाबतीत तरी थोरलीने बोलावं का? तिच्या मुलाच्या वेळी तिला दूधच पुरलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. जिची विहीर आटली तिने पोहायला शिकवावं, असं धाकटीच्या मनात येऊन गेलं. मनात आल्याची तिला लाज वाटली, पण थोडीच. जास्त लाज वाटायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तेव्हा नव्हता.

धाकटी फळांच्या रसाच्या कारखान्यात होती, पॅकिंग तपासणीत. खोकं नीट चिकटलंय का, तारीख वाचता येते का, कोपऱ्यातून गळत तर नाही ना, हे बघायचं आणि शिक्का मारायचा. तिचा शिक्का पडल्याशिवाय माल गाडीत चढत नसे, म्हणून सगळे तिला शिक्काबाई म्हणत. आतला रस गोड की आंबट, हा तिचा प्रश्नच नव्हता. त्यासाठी पलीकडे चवीचं टेबल होतं आणि तिथे बसणारी एक फटकळ बाई, जीभबाई. पॅकिंगवाल्यांनी मालाला तोंड लावायचं नाही, असा तिथला दंडक होता. तो पाळून पाळून धाकटीच्या इतका अंगात मुरला होता, की घरीही भाजीत मीठ आहे का ते ती नवऱ्याला बघायला सांगायची.

आता बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं, आणि दिवसभर पिटुकलीला सासूबाई सांभाळणार. सगळं ठरलं होतं, फक्त पिटुकलीने प्यायचं काय, एवढंच उरलं होतं. वरचं दूध एकदा देऊन पाहिलं, तर पोरीच्या अंगावर लाल पुरळ उठलं आणि पोट असं बिघडलं की दवाखाना गाठावा लागला. "तूर्त आईचंच द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जितकं काढाल तितकं येईल. घाबरू नका." घाबरू नका म्हटल्यावर माणूस जितकं घाबरतं तितकी धाकटी घाबरली, आणि कामाला लागली.

बाळाला पाजून झालं की दूध काढायचं यंत्र लावायचं. बाळ झोपलं की यंत्र लावायचं. यंत्राला नवऱ्याने ट्रॅक्टर नाव ठेवलं होतं, कारण ते सुरू झालं की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नसे. सुरुवातीला बाटलीचा नुसता तळ ओला व्हायचा. कुणी म्हणालं बडीशेप खा, कुणी म्हणालं लसूण खा, कुणी म्हणालं पाणी पी, कुणी म्हणालं काळजी करू नकोस. पहिल्या तिन्ही गोष्टी तिने मनोभावे केल्या. हळूहळू दूध वाढलं. पाठ मोडून यायची, छातीला हात लावू देववत नसे, आणि बसल्या जागी अशी झोप लागायची की बाटली कलंडून मांडीवर सांडायची. एकदा तशी सांडली तेव्हा ती फरशी पुसता पुसता रडली. नवरा म्हणाला, "अगं, एवढंसं तर होतं." हे वाक्य कुठल्या शहाण्या पुरुषाने कुठल्या आईला म्हणू नये.

फ्रीजरमधून वाटाणे गेले, आइस्क्रीम गेलं, बर्फाचे ट्रेही गेले. त्यांच्या जागी पिशव्या आल्या: सपाट थापलेल्या, हवा काढलेल्या, चिकटपट्टी दोनदा दाबून पाहिलेल्या, जुन्या पुढे आणि नव्या मागे. प्रत्येकीवर तारीख, शिक्काबाईच्या गोल अक्षरात. दिवसातून दोनदा ती खण ओढून बघायची. तेवढंच एक सुख होतं तिला.

"बँकेत लॉकर घेऊ या का?" नवरा विचारायचा.

"तू थट्टा कर. सोमवारी कळेल कोण कामाला आलं ते."

शनिवारी सकाळी रंगीत तालीम ठरली. धाकटीने आतल्या खोलीत बसायचं, म्हणजे बाळाला तिचा वास येणार नाही, आणि बाहेर सासूबाईंनी बाटली द्यायची. बाटलीची सवय होती पोरीला. ताजं काढलेलं दूध आजीच्या हातून ती मिटक्या मारत प्यायची. त्यामुळे धाकटी निर्धास्त होती. तिने एक पिशवी वितळवली, गरम पाण्यात कोमट केली, बाटलीत ओतली आणि दार लोटून पलंगावर आडवी झाली. डोळा लागणार, इतक्यात पिटुकलीने टाहो फोडला.

भुकेचं रडणं आईला कळतं. हे भुकेचं नव्हतं. अपमान झाल्यासारखं होतं.

"काय झालं, आई?"

"एक घोट घेतला आणि थुंकलीच बघ. तोंड कसं केलंन, जसं काही मी औषधच दिलं."

दुसरी पिशवी उघडली. तेच. या वेळी तर पोरीने बाटली तोंडाजवळ येताच मान फिरवली. नवऱ्याने बाटली हातात घेतली, विमान केलं, घोडा केला, शेवटी स्वतःच बाटलीला नाक लावलं आणि म्हणाला, "कसलातरी वास येतोय हं. भांडी घासायच्या साबणासारखा."

धाकटीने त्याच्या हातून बाटली ओढून घेतली. तळहातावर थेंब टाकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतःचं दूध जिभेला लावलं. आंबट नव्हतं, नासलेलंही नव्हतं. साबणच. आणि मागून लोखंडासारखं काहीतरी.

"आई, बाटली नीट विसळली नव्हती तुम्ही."

सासूबाई बाळाला थोपटत होत्या. त्यांचा हात थांबला. "विसळली होती गं."

"मग साबण कुठून आला? मी शंभरदा सांगितलंय, तीन पाण्यातून काढा म्हणून. एवढं एक काम…"

वाक्य तिने अर्धंच सोडलं, पण जायचं तिथे ते पोचलं. सासूबाईंनी बाळ मुलाच्या हातात दिलं, ओट्याशी गेल्या, बाटली तीन पाण्यातून काढली, वर उकळत्या पाण्यात टाकली आणि एक शब्द न बोलता पुसून तिच्यापुढे ठेवली. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नव्या पिशवीतलं दूध त्या बाटलीत न ओतताच धाकटीने चाखलं. सरळ पिशवीतून. साबण.

मग तिने खण उपसायला घेतला. सगळ्यात जुनी पिशवी गरम पाण्यात सोडून चाखली: साबण. मधली: साबण. गेल्या आठवड्यातलीही तशीच. एकेका पिशवीमागे तिला आठवत होतं, ही पाठीत उसण भरली होती तेव्हाची, ही जेवण अर्धवट टाकून काढलेली, ही बाळाला ताप होता तेव्हाची. चिकटपट्ट्या एकूण एक चोख, तारखा स्वच्छ, थेंबाची गळती नाही. शिक्काबाईने पास केलेला माल. चवीचं टेबल मात्र या घरात कुणी मांडलंच नव्हतं.

ती ओट्याला टेकून खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. बाहेरून पिटुकलीचं रडणं ऐकू येताच छातीतून आपोआप दूध झरून गाऊन ओला झाला, आणि त्याचाही तिला राग आला.

नवऱ्याने कुणाला न विचारता वहिनीला फोन केला. थोरली आली ती बाहीला लागलेल्या खडूसकट. शनिवारची सकाळची शाळा आटोपून, स्वतःच्या घरी न जाता परस्पर आली होती. आल्या आल्या तिने चप्पल काढली, पिशवीतलं दूध बोटाने चाखलं आणि नुसतं "हं" केलं.

"म्हणा, ताई," धाकटी जमिनीवरून म्हणाली. "मी सांगितलं होतं, म्हणा."

"ते मी वर्गात म्हणते. आधी बाळाला घे. दोघींचे हाल चाललेत."

बाळ छातीशी लागलं आणि घर एकदम शांत झालं. थोरली समोर भिंतीला टेकून बसली.

"तुझं दूध नासलेलं नाही," ती म्हणाली. "काही बायकांच्या दुधात स्निग्धांश फोडणारं द्रव्य जास्त असतं. ताजं असताना कळत नाही. ठेवलं की ते आपलं काम करत राहतं, अगदी बर्फातसुद्धा, आणि मग साबणासारखी चव येते. अपाय काही नाही. काही मुलं गटागटा पितात. काही तुझ्या लेकीसारखी चोखंदळ."

"मग आता?"

"गोठलेल्याची चव मागे फिरत नाही. यापुढे काढलंस की लगेच छोट्या पातेल्यात तापवायचं, कडेला बुडबुडे येईपर्यंत. उकळू द्यायचं नाही. मग थंड पाण्यात पातेलं ठेवून झटकन निववायचं आणि गोठवायचं. थोडं सत्त्व जातं म्हणतात. पण जे पोटातच गेलं नाही, त्यात कसलं आलंय सत्त्व?"

"तुम्हाला हे डॉक्टरांनी सांगितलं?"

"सांगितलं. उशिरा."

धाकटीने मान वर केली. थोरली बाहीवरचा खडू झटकत होती. तो निघत नव्हता, आणि ती झटकायचं थांबतही नव्हती.

"माझाही फ्रीजर भरला होता," थोरली म्हणाली. "पोरगा घोट घ्यायचा नि थुंकायचा. मला वाटलं, माझंच काहीतरी वाईट आहे. विषारी. असं वाटतं गं त्या दिवसांत, हसू नकोस. एका दुपारी घरात कुणी नसताना सगळं मोरीत ओतलं, आणि मग यंत्रही माळ्यावर टाकलं. विचारलं सगळ्यांनी, तर म्हटलं, दूध कमी पडलं. दूध कमी पडलं म्हटलं की लोक हळहळतात आणि गप्प बसतात. फेकलं म्हटलं असतं तर प्रश्न विचारले असते."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"मला नाही सांगायचंस?" त्या थोरलीला म्हणाल्या.

"मी कशी आहे ते तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, आई. तुम्ही बाळाचं वजन विचारत होता."

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. मग धाकटी म्हणाली, "पण ताई, मला तरी नीट सांगायचं होतंत."

"सांगणारच होते. तू 'हो ताई, बघते' म्हणालीस." थोरली पहिल्यांदा हसली. "तो सूर माझाच आहे. मी कितीजणींना तो लावलाय. त्याच्यापुढे काही बोलून उपयोग नसतो, हे मला माहीत आहे."

रविवारी ओट्यावर छोटं पातेलं चढलं. धाकटी दूध काढायची, सासूबाई पातेल्याच्या कडेवर डोळा ठेवून उभ्या राहायच्या, बुडबुडा दिसला की गॅस बंद. पहिली बाटली निवाली तेव्हा धाकटीने ती स्वतः चाखली, मग सासूबाईंपुढे धरली. "आई, तुम्हीही बघा. आणि काल मी जे बोलले…"

"साबण नाही," सासूबाई म्हणाल्या, चव घेऊन. "आणि काल तू जे बोललीस, ते मी आज विसळून टाकलं. तीन पाण्यातून."

जुन्या पिशव्या फेकायच्या नाहीत, असं ठरलं. ताज्या दुधात जुनं चमचाभर मिसळून बघायचं, पुढे जमलं तर दोन चमचे. कोठार रिकामं नव्हतं, पण हाताशीही नव्हतं. सोमवारच्या दिवसापुरतं जेमतेम जमलं. मंगळवारचं सोमवारी कारखान्यात काढायचं होतं.

सोमवारी धाकटी कामावर गेली. प्रथमोपचाराच्या खोलीत खुर्ची होती, कडी नव्हती. जीभबाई बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाली, "आत तपासणी चालू आहे." ट्रॅक्टर घरघरत असताना धाकटीने घरी फोन लावला. एवढ्या दिवसांत सगळ्यात जास्त भीती तिला त्या रिंगची वाटली.

"प्याली," सासूबाई म्हणाल्या. "सगळं नाही. निम्म्याच्या वर. तोंड केलंन, पण प्याली."

धाकटीने डोळे मिटले. झोप आली होती. काल यायची राहिलेली, परवाची, सगळ्याच दिवसांची. बाटलीत दूध थेंबाथेंबाने पडत होतं. कमीच होतं. उद्या वाढेल, किंवा नाही वाढणार.

फोन ठेवल्यावर तिने दुसरा लावला. थोरलीला. "ताई, बाळाचं काही नाही, ते पितंय," ती म्हणाली. "मी तुम्ही कशा आहात ते विचारायला केलाय." पलीकडे वर्गाचा गलका होता. त्यातून थोरली "थांब, बाहेर येते" म्हणाली.

तुमच्याही घरात अशी एक असेल, जिच्याबद्दल सगळे सहज म्हणतात, तिला दूध नव्हतं. धाकटीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: आज तिला फोन करा. तिचं बाळ कसं आहे हे विचारू नका, ते एव्हाना दप्तर घेऊन शाळेत जात असेल. तिला विचारा, तेव्हा काय झालं होतं. आणि ती "काही नाही गं" म्हणाली, तर लगेच ठेवू नका.