एका खोडाच्या शेंगा

"पाय उचलायचे नाहीत गं, ओढायचे! खालची बी वर आली पाहिजे, वरची खाली गेली पाहिजे. उन्हाला सगळ्या सारख्या!"

पेत्राचा हा आवाज झोइलाच्या कानात अजून होता. आई जाऊन बारा वर्षं झाली, पण कोको वाळत घातलेला दिसला की आवाज आलाच. ला देल्फिना नावाच्या मळ्यावरचं ते सिमेंटचं भलंमोठं खळं, त्यावर पसरलेल्या आंबूस वासाच्या ओलसर बिया, आणि त्यातून अनवाणी पाय ओढत नांगरासारख्या रेघा काढत जाणारी दोन पोरं. पुढे नऊ वर्षांची झोइला, स्वयंपाकीणबाईची. मागे सात वर्षांचा एफ्रेन, मालकांचा. पोरगं माडीवरून चोरून खाली यायचं. बूट जिन्याखाली लपवायचं.

पाय चालायचे तसं तोंडही चालायचं. विन्सेस नदीच्या काठी हे नवं नाही. एकानं चार ओळींचं कडवं टाकायचं, दुसऱ्यानं ते झेलायचं. आमोरफिनो म्हणतात त्याला. लग्नात म्हणतात, मर्तिकाला जागताना म्हणतात, भांडणातसुद्धा म्हणतात. नियम एकच: समोरच्यानं जिथं सोडलं तिथूनच उचलायचं, आणि दिवस बुडायच्या आत उत्तर द्यायचं. उत्तर न देणाऱ्याला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात.

त्या दिवशी झोइलानं टाकलेलं कडवं असं होतं:

एका खोडाच्या शेंगा दोन,
एक पिवळी, एक हिरवी;
एक माडीत, एक उन्हात,
सांग ही रीत कोण ठरवी?

कोकोची शेंग फांदीला लागत नाही, थेट खोडालाच लागते; पिकलेली आणि कच्ची शेजारी शेजारी. पोरीनं पाहिलं ते गायलं. पण पेत्राच्या हातातली बिया सारायची फळी खाली पडली. तिनं येऊन पोरीच्या थोबाडीत मारली, आणि मग तिलाच छातीशी धरून रडली. माडीच्या खिडकीतून मालकीणबाईंची हाक आली, एफ्रेन जिन्याकडे पळाला. पुढच्या आठवड्यात त्याला दूर ग्वायाकिल शहरात पाद्र्यांच्या शाळेत टाकलं.

दोघांचं नाक एकच होतं, मालक आर्सेनियोंचं. अख्ख्या मळ्याला दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

त्याला चौपन्न वर्षं झाली. कडवं तसंच होतं, अधांतरी.

त्या मे महिन्यात नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि मंत्र्यांची नावं जाहीर होऊ लागली. केळ्यांची जहाजं ज्याची, त्याला परदेशी व्यापार. बँक ज्याची, त्याला तिजोरी. औषधांची दुकानं ज्याची, त्याला आरोग्य.

"आता चोराला तुरुंग खातं दिलं की झालं," ग्रिसेल्दा म्हणाली. ती आणि झोइला शेतकी खात्याच्या रोपवाटिकेत जाळीच्या सावलीत बसून कोकोची कलमं बांधत होत्या. रेडिओ रोपांच्या मधोमध, मातीच्या पिशवीवर.

तेवढ्यात रेडिओनं पुढचं नाव सांगितलं. शेतकी खातं: एफ्रेन वायारिनो, कोकोचे निर्यातदार, अकरा कंपन्यांचे मालक.

ग्रिसेल्दाची कलमाला गुंडाळायची पट्टी हातातच राहिली. "झोइलाबाई! हे तर तुमचे बाळ!"

मळ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी मालकाचा मुलगा म्हातारपणीही बाळच असतो. एफ्रेनचं टक्कल पडलं, गुडघे गेले, नातवंडं झाली. झोइला त्याला बाळ एफ्रेनच म्हणायची. पेत्राच्या मातीला तो आला होता, मागच्या रांगेत उभा राहिला होता, फुलं पाठवली होती गाडीभर. "काही लागलं तर सांग, झोइला," म्हणाला होता. ती म्हणाली होती, "तुम्ही आलात, भरून पावलं, बाळ."

"बघा हं, आता साहेबच आपले साहेब," ग्रिसेल्दा हसली. "माझ्या बढतीचं सांगाल ना?"

"कलम सैल झालंय तुझं," झोइला म्हणाली. "पाणी शिरेल. परत बांध."

पाचव्या दिवशी सकाळी काळी गाडी फाटकाशी थांबली आणि एक वकील उतरला. मोस्केरा नाव. ग्वायाकिलचा, गळ्यात टाय, दहा पावलांत घामानं निथळलेला. झोइलानं त्याला स्टूल दिलं, कॉफी दिली, हिरव्या केळ्याचा चीज घातलेला गोळा पुढे केला. त्यानं गोळ्याकडे पाहिलं, टायकडे पाहिलं, आणि खाल्ला.

"बाई, थोडक्यात सांगतो. मंत्री व्हायच्या आधी शपथेवर सगळं लिहून द्यावं लागतं. काय मालकीचं आहे, कुठं काय गुंतलंय. शेवटी एक प्रश्न असतो: या खात्यात तुमचं रक्ताचं कुणी नोकरीला आहे का? असलं तर चालत नाही. एकानं जावं लागतं."

"मग?"

"सगळे 'नाही' लिहितात. साहेबांनी…" त्यानं कागद पुढे केला.

अक्षर एफ्रेनचं, तिरकं. लहानपणी खळ्याच्या कडेला कोळशानं काढायचा तेव्हापासूनचंच तिरकं. त्यात तिचं अख्खं नाव होतं, झोइला पेत्रोनिला मोरान, आणि पुढे एकच शब्द. बहीण.

झोइलानं तो शब्द वाचला. चष्मा काढून एप्रनला पुसला, आणि पुन्हा वाचला. काही वाटायला हवं होतं. आनंद वाटायला हवा होता. वाटला तो राग.

"हे मागे घेता येतं," मोस्केरा घाईनं म्हणाला. "पुरावा कुठंच नाही. मालक आर्सेनियोंनी तुम्हाला नाव दिलेलं नाही, तुम्ही आईचं लावता. तुम्ही फक्त यावर सही करायची." दुसरा कागद आला. "माझं यांच्याशी कुठलंही नातं नाही. बस. त्यांची खुर्ची त्यांना, तुमची नोकरी तुम्हाला."

"आणि नाही केली तर?"

"तर ते पद नाकारणार म्हणतात. तुमच्या नोकरीला हात लावू देणार नाही म्हणतात. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत ना तुमची? ते सगळं त्यांना ठाऊक आहे." वकिलानं सुस्कारा सोडला. "बाई, त्यांना समजवा हो. एवढा मोठा माणूस."

झोइलानं पेन घेतलं. मग ठेवलं.

"हे त्यांनी येऊन सांगायला हवं होतं."

वकील फाटकाकडे बघू लागला. "ते… गाडीतच आहेत."

"इतका वेळ?"

"एसी चालू आहे."

ग्रिसेल्दा फिस्सकन हसली. झोइला नाही हसली. "जा, घेऊन या त्यांना. आणि तुम्ही तिथंच बसा, थंड हवेत."

एफ्रेन वाफ्यांमधून आला, रोपं तुडवायला नकोत म्हणून एकेक पाऊल जपत. साठी उलटलेला माणूस, लिननचा सदरा, हातात टोपी. ग्रिसेल्दाला एकाएकी पाण्याचा पाइप बंद करायची आठवण झाली आणि ती उठून गेली.

"बसा, बाळ."

तो पालथ्या क्रेटवर बसला. "मोस्केरानं सांगितलं?"

"सांगितलं. मला एवढंच कळत नाही, तुम्ही लिहिलंत कशाला? त्या वकिलाचा घाम बघवत नव्हता."

एफ्रेन टोपी फिरवत राहिला. "दोन दिवस लिहीत होतो. माझं म्हणून जे जे आहे ते सगळं मांडायचं होतं. कंपन्या, जमिनी, बोट, चित्रं, घोडेसुद्धा. सगळं लिहून झालं. म्हटलं, एवढंच? आणि मग तो शेवटचा प्रश्न आला. हात थांबलाच नाही."

"हात नाही थांबला," झोइला म्हणाली. आणि त्या क्षणी तिच्या जिभेवरचं साठ वर्षांचं 'तुम्ही' गळून पडलं. "आणि तोंड? तोंडाचं काय झालं तुझ्या? सरकारला सांगितलंस. वकिलाला सांगितलंस. उद्या राष्ट्राध्यक्षांना कळेल, परवा पेपरात येईल. आणि मी इथं दीड तासाच्या वाटेवर कलमं बांधत बसलेय तीस वर्षं! आईच्या मातीला मागच्या रांगेत उभा होतास. माझ्या शेजारी जागा होती. मी ठेवली होती."

एफ्रेननं टोपीची कड मुठीत धरली.

"आणि आता पुन्हा माझ्याच गळ्यात. झोइलानं सही केली तर मंत्री, नाही केली तर नाही. ती ठरवेल, ती निस्तरेल, बाळ गाडीत बसेल! तुला मंत्री व्हायचंय की नाही?"

"व्हायचंय," तो म्हणाला. खरं ते बोलला. "खूप. बापाला जे जमलं नाही ते… सुनेनं शपथविधीचा कोटसुद्धा शिवायला टाकलाय."

"मग हे घे." तिनं पेन उचललं आणि सहीचा कागद गुडघ्यावर ओढला.  "करते सही. मला काय, साठ वर्षं नातं नव्हतंच. आता कागदावर नसेल."

तिनं झ काढला.

"नको."

हळूच आलं ते. मग त्यानं हात पुढे करून कागद तिच्या गुडघ्यावरून उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला. "नको करूस. त्या खुर्चीला बसायला ग्वायाकिलात शेट कमी नाहीत. मोस्केराला सांगतो, आजच कळव म्हणून."

रोपांवर पाण्याचे थेंब टपटपत होते. पाइप काही अजून बंद झाला नव्हता.  झोइलाचा राग होता तिथंच होता, फक्त बसायला जागा शोधत होता.

"तरी बोलला नाहीसच," ती म्हणाली.

एफ्रेननं टोपी खाली ठेवली. वाकून एक बूट काढला, मग दुसरा, मग मोजे. पांढरे, मऊ, कित्येक वर्षं उन्हात न गेलेले पाय त्यानं मातीवर टेकवले, लहानपणी खळ्यावर टेकवायचा तसे. घसा खाकरला.

"मला जमत नाही हे. तेव्हाही जमायचं नाही."

"दिवस बुडायला अवकाश आहे अजून," झोइला म्हणाली. 

त्यानं डोळे मिटले. चौपन्न वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखं, अडखळत, चाल चुकवत, तिनं जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं:

"रीत ठरवी भित्रं काळीज,
खोडाला ती ठाव नाही;
पिवळी आधी, हिरवी मागून,
ताईवाचून तुला नाव नाही."

"शेवटची ओळ लांबली," झोइला म्हणाली, आणि एप्रन डोळ्यांना लावला.

"लांबू दे," तो म्हणाला. "ताई."