झाकणातली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, कपड्यांचीही नव्हे. मी अवजारांची पेटी. युद्धाच्या काळात रूळ टाकणाऱ्या एका लष्करी तुकडीत मी नोकरी केली. त्या तुकडीत बंदुका थोड्या आणि पाने-पहारी जास्त. सैन्य पुढे सरकलं की त्याच्या मागोमाग रूळ टाकत जायचं, आणि कुणी ते उखडले की पुन्हा टाकायचे, असं आमचं काम.

एका सुताराने मला जाड सागाच्या फळ्यांतून घडवलं. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, पोटात खण केले. प्रत्येक अवजाराला त्याचा खण ठरलेला. घण इकडे, पहारी तिकडे, आणि मधोमध फिशप्लेटचा मोठा पाना. फिशप्लेट म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी. तिचे बोल्ट आवळायचा हा पाना हातभर लांब होता आणि वजनाला तान्ह्या बाळाएवढा. तो खणात निजला की मला बरं वाटायचं. संध्याकाळी सगळी घरी आली ना, हे आईने पाहावं, तशी मी माझे खण चाचपत असे.

आमच्या टोळीचे मुकादम शिस्तीचे. कागद पावसात भिजायचे आणि हजेरीचा कारकून आमच्या कामगाडीत चार डबे मागे बसायचा. म्हणून मुकादमांनी तापल्या तारेने माझ्या झाकणाच्या आत सगळ्यांची नावं डागली. खरी नावं नाहीत हं, टोपणनावं. सकाळी अवजार उचललं की आपल्या नावापुढे खडूने रेघ ओढायची. संध्याकाळी अवजार परत ठेवलं की ती बोटाने पुसायची. ज्याने ओढली त्यानेच पुसायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मुकादम म्हणायचे, "रेघ पुसली म्हणजे माणूस आला आणि अवजारही आलं. दोन कामं एका बोटात."

त्या नावांत एक होतं 'रेडिओ'. हा माणूस दिवसभरात चार शब्द बोलला तर नवल, म्हणून टोळीने त्याला हे नाव ठेवलं. "अरे, जरा आवाज कमी कर," असं कुणी म्हणालं की तो नुसता हसायचा. घरी त्याची तीन वर्षांची मुलगी होती. तिचा फोटो तो टोपीच्या अस्तरात ठेवायचा. मोठा पाना नेहमी त्याच्याकडेच असे.

एका दुपारी तो पाना घेऊन एकटाच पुढच्या वळणावर बोल्ट आवळायला गेला. इतक्यात तोफगोळे पडू लागले. माघारीची शिट्टी झाली, पण वारा उलटा होता, वळणापर्यंत ती पोचली नसावी. सगळे धावत कामगाडीत चढले आणि गाडी निघाली. मुकादमांनी मला उघडलं, एकेकाने अवजार ठेवून आपली रेघ पुसली. मधला खण रिकामा. झाकणात एकच रेघ शिल्लक.

"गाडी थांबवा, माझा एक माणूस मागे राहिलाय," मुकादम ओरडले. गाडी थांबली नाही. आम्ही पूल ओलांडला आणि तासाभरात पूल पडला. मागे जायचा रस्ताच उरला नाही.

हजेरी घ्यायची ती संध्याकाळी. मधल्या वेळेत कोण कुठे होतं, याची कागदावर नोंद नसे. त्याच आठवड्यात दोघे जण घाबरून पळून गेले होते. तीन दिवस वाट पाहून कारकुनाने रेडिओच्या नावापुढे 'फरार' लिहिलं. मुकादम त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"अहो, फरार होणारा माणूस एवढा जड पाना काखेत मारून पळेल का?"

"पळताना कोण काय उचलेल, याचा नेम नाही, मुकादम."

"त्याची रेघ आहे पेटीत. तो कामावर गेला होता."

"पेटी साक्ष देत नाही," कारकून मान वर न करता म्हणाला. "रजिस्टर देतं."

त्यावर मुकादम मागे फिरले. परत येऊन एवढंच म्हणाले, "त्याची रेघ तशीच राहू दे." युद्ध संपेपर्यंत बाकीचे आपापल्या रेघा ओढत आणि पुसत राहिले. त्या एका रेघेला कुणी बोट लावलं नाही.

पुढे मला एका गोदामात ढकललं. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या, उंदरांनी कोपरे कुरतडले. कित्येक वर्षं मी स्वतःच्या नशिबाला बोल लावला. आज वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षं. झाकण बंद होतं आणि कुणाला माझी आठवण नव्हती.

मग तुकडीचं संग्रहालय करायचं ठरलं. गोदाम उपसलं, मी बाहेर आले. जुन्या वस्तू नीट करायचं काम एका मिस्त्रीकडे होतं. मोठा हौशी माणूस. त्याने झाकण उघडलं, नावं वाचली, "रेडिओ म्हणे," असं म्हणून हसला. मग त्या रेघेपाशी थबकला. क्षणभरच. "मळ किती साठलाय," म्हणाला आणि ओलं फडकं फिरवलं. नंतर पॉलिशपेपर, वर वॉर्निशचे दोन हात.

आणि मित्रांनो, खरं सांगते, मी खूश होते. लाकडालाही मिरवावंसं वाटतं. लोक आले, म्हणाले, "वा, आरशासारखी झालीये." संग्रहालयाच्या साहेबांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. त्या कौतुकात काय गेलं, हे मला कळलंच नाही.

अकरा दिवसांनी एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, काखेत कापडी पिशवी. अंगणात युद्धात गेलेल्या जवानांच्या नावांची भिंत आहे. तिथे त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग आत येऊन साहेबांना म्हणाल्या, "माझ्या बाबांना टोळीत रेडिओ म्हणायचे. त्यांच्यापुढे फरार लिहिलंय, म्हणून भिंतीवर नाव नाही. आई जाईपर्यंत अर्ज करत होती. गेल्या महिन्यात त्यांचे मुकादम भेटले. नव्वदीचे आहेत. म्हणाले, पेटीचं झाकण उघडून बघ पोरी, तुझ्या बापाची रेघ आहे."

साहेब भला माणूस. "रेघ असेल तर आत्ताच फोटो काढून वर पाठवतो, ताई," म्हणाले आणि स्वतः त्यांनी मला उघडलं.

झाकणात दोघांचे चेहरे दिसले. इतकी मी चकचकीत झाले होते.

मिस्त्रीला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "इथे खडूची रेघ होती का हो?"

तो नाही म्हणू शकला असता. कोण विचारणार होतं? पण तो म्हणाला, "होती. मीच पुसली. मळ वाटला."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही की आवाज चढवला नाही. "कुठे होती?"

त्याने बोट ठेवलं. "इथे. ह्या नावापुढे."

"सरळ होती?"

"नाही ताई. कललेली. वरचं टोक डावीकडे. मला वाटलं, कुणी घाईत ओढलीये."

"घाईत नाही," त्या म्हणाल्या. "बाबा डावखुरे होते. आई सांगायची." आणि त्यांनी डाव्या हाताने हवेत एक रेघ ओढून पाहिली.

साहेबांनी हे सगळं लिहून घेतलं, मिस्त्रीची सही घेतली, पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मूळ पुरावा उपलब्ध नसल्याने नोंदीत बदल करता येत नाही. 'फरार' लिहिलेलं ते रजिस्टर माझ्या शेजारच्याच कपाटात आहे. काचेत, व्यवस्थित जपलेलं.

उत्तर आलं त्या दिवशी मिस्त्री सकाळीच आला, दालन उघडायच्या आधी. खिशातून त्याने खडू काढला आणि माझं झाकण वर केलं. मला वाटलं, ओढ बाबा, कुणाला कळणार आहे? त्याने खडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. नावापुढे टेकवला. हात तसाच थांबला. मग त्याने खडू परत खिशात टाकला, झाकण हळूच लावलं आणि मांडी घालून माझ्याशेजारी बसून राहिला. पहिला पाहुणा येईपर्यंत.

तेव्हा मुलांनो, तुमच्या घरीही माळ्यावर एखादी पेटी असेल, ट्रंक असेल, कुणाची टोपी असेल. ती स्वच्छ करायला घ्याल, तेव्हा आधी घरातल्या थोरांना विचारा, हा डाग कसला, ही खूण कुणाची. विचारायला कुणी उरलं नसेल, तर थोडी धूळ राहू द्या.

माझं म्हणाल, तर मी आता छान दिसते. येणारे सगळे तसं म्हणतात.