चंद्र चुकलेली वाइन

"दुकानातून सहा बाटल्या आणल्यात मी. टेबलावर त्याच ठेव," मोरेना म्हणाली. "बाबाची वाइन खाली तळघरातच राहू दे. आजचा एक दिवस, आई."

मी टॉर्टेलिनी वळत होते. करंगळीच्या टोकाभोवती मांसाचं सारण भरलेला पिठाचा चौकोन गुंडाळायचा, टोकं चिमटायची आणि पुढचा घ्यायचा. हात न थांबवता मी म्हटलं, "तूच सांग ना त्याला."

"मी सांगितलं तर रुसेल."

"आणि मी सांगितलं तर नाचेल?"

मोरेना आमची एकुलती एक लेक. तुरिनला नोकरी करते, आणि तिथल्याच दाविदेशी तिचं लग्न ठरलंय. दाविदेचे वडील सेकोंदो आज पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. त्यांचा द्राक्षमळा पिएमोंतेच्या डोंगरात, बारोलोच्या बाजूला. तिथल्या वाइनचं नावही बारोलोच; ती ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं पडून राहते. दुपारी प्यायची तर बाटली सकाळीच उघडायची म्हणे, तिला श्वास घ्यायला वेळ लागतो. दाविदेनं हे सांगितलं तेव्हा लेआर्को म्हणाला होता, "मग तिला डॉक्टरकडे का नाही नेत?"

लेआर्को म्हणजे माझा नवरा. जन्मभर चीजच्या कारखान्याची दुधाची गाडी चालवली. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करायचं, दुपारी जेवून घोरायचं. गावात त्याला ओळखतात ते गाडीमुळे नाही, घरामागच्या दोन रांगा वेलांमुळे. आमच्याकडे सोर्बारा द्राक्षाची लाम्ब्रुस्को वाइन होते. रंगानं फिकी, चवीला आंबट, आणि फेस असा की नवख्या माणसाचा शर्ट गेलाच समजा. डुकराच्या मांसाची चरबी जिभेवर बसली की ही एका घोटात साफ करते. त्याच वर्षी करायची, त्याच वर्षी प्यायची, आणि श्वासबिश्वास तिचा तिनं घ्यायचा.

तो फेस येतो कसा? हिवाळाभर वाइन काचेच्या मोठ्या बुधल्यांत झोपलेली असते. मार्चमध्ये चंद्र वाढीला लागला की बाटल्यांत भरायची, बूच लावून दोरीनं बांधून टाकायची. मग ऊब आली की ती बाटलीच्या आत जागी होते आणि फेस आतच कोंडला जातो. चंद्र उतरणीला लागल्यावर भरली तर फेस येत नाही, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मोरेना याला अंधश्रद्धा म्हणते. लेआर्को तिच्याशी वाद घालत नाही, कॅलेंडर बघतो.

यंदा मात्र चंद्र चुकला. मार्चमध्ये मी मोदेनाच्या इस्पितळात होते. पोटात गाठ निघाली होती. लेआर्को माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीवरून हलला नाही. मी म्हणायचे, "अरे जा, बाटल्या भरून ये, भावाला तरी सांग." तो म्हणायचा, "हो, हो," आणि माझ्यासाठी आलेली जेली खात बसायचा. आम्ही घरी परतलो तोवर ऊन तापलं होतं आणि वाइन बुधल्यातच जागी होऊन, नाचून, दमून गेली होती. उरली ती त्यानं बाटल्यांत भरली. कॅफेतले म्हातारे अजून चिडवतात, "लेआर्कोबरोबर त्याची वाइनही पेन्शनीत गेली." तोही हसतो. पण घरी आला की तळघराचं दार ओढून घेतो.

मोरेनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची नोकरी नवी होती, म्हणून आम्ही फोनवर पित्ताचे खडे सांगितले होते. वाइन बिघडली एवढंच तिला कळलं होतं.

शेवटी तिनंच धीर केला आणि बापाला सांगितलं. तो रुसला नाही. त्यानं मान डोलावली, तळघरात गेला आणि आपल्या दोन बाटल्या आणून चुलीजवळ ठेवल्या. "या स्वयंपाकाला," तो म्हणाला. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी नुसतीच पीठ मळत राहिले.

बाराच्या सुमाराला सेकोंदो आले. उंच, वाळलेले, जून महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेले. त्यांनी काखेत बाटली अशी धरली होती की दाविदे तिला हातसुद्धा लावत नव्हता. "सकाळी उघडून, परत बूच लावून आणलीय," ते म्हणाले.

"प्रवासात घुसमटली नसेल ना?" सगळे टेबलाशी बसल्यावर लेआर्कोनं विचारलं. मोरेनानं टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती मला लागली.

आम्ही त्यांची वाइन चाखली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होती. आधी सुकलेल्या गुलाबासारखा वास, मग डांबराचा, आणि नंतर जिभेला अशी धरते की द्राक्षाची बी चावल्यासारखं वाटावं. घोट गेल्यावरही बराच वेळ ती तोंडात बोलत राहते. लेआर्को डोळे मिटून गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे आवडली.

मग दुकानातली बाटली फटकन उघडली. सेकोंदोंनी लेबल वाचलं, ग्लास नाकाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. "ही तर तुरिनलाही मिळते," ते म्हणाले. त्यांची नजर चुलीकडे गेली. "त्या बिनलेबलाच्या कुणाच्या?"

"त्या स्वयंपाकाच्या," मोरेना घाईनं म्हणाली.

"बिनलेबलाची म्हणजे घरची. व्याहीबुवा, मी इतक्या लांबून दुकानातली प्यायला नाही आलो."

लेआर्कोनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? त्यानं बाटली घेतली, दोरी सोडली, बूच फिरवलं. इतकी वर्षं या घरात बूच उडालं की वरच्या छतावर डाग पडतो; आजही आम्ही घरच्यांनी सवयीनं माना मागे घेतल्या. बूच नुसतं हातात आलं. बाटलीनं एक उसासा टाकला, बस. ग्लासात गुलाबी पाणी ओतावं तशी वाइन उतरली. एक बुडबुडा नाही. मोरेना ताटाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

सेकोंदोंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि पहिल्यांदाच हसले. "वा. आंबट आहे, पण सरळ आहे. व्याहीबुवा, खरं सांगू? मला भीती होती की तुम्ही मला तो साबणाचा फेस पाजणार. ही खरी वाइन. फेस काढून टाकायची अक्कल तुम्हाला आहे."

दाविदेनं सुटकेचा श्वास टाकला. मोरेनानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत बापासाठी स्पष्ट लिहिलं होतं, हो म्हण, थँक्यू म्हण, आणि गप्प बस. एका शब्दात सगळं निभावलं असतं. या गावात लेआर्कोच्या वाइनचा इतका मोठा अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि बिचाऱ्या पाहुण्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

लेआर्कोनं ग्लास उजेडात धरून पाहिला. "नाही हो," तो म्हणाला. "ही बिघडलेली आहे. फेस मी काढला नाही, तो आलाच नाही. चंद्र चुकला माझा."

"बाबा," मोरेना हळूच म्हणाली.

"मोरेनाची आई इस्पितळात होती ना. अकरा रात्री. बाटल्या भरायला यावंसंच वाटलं नाही."

"अकरा?" मोरेना माझ्याकडे वळली. "पित्ताच्या खड्यांना अकरा रात्री कशाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खडे नव्हते गं ते," मी म्हटलं. "काढलं सगळं. बरी आहे मी आता, बघतेस ना, सकाळपासून तीनशे टॉर्टेलिनी वळल्यात."

मग सेकोंदो म्हणाले, कुणाकडे न बघता, "आमची ही गेली तेव्हा द्राक्षांची काढणी चालू होती. मी मळ्यात होतो. पाऊस येईल म्हणून काम सोडलं नाही." त्यांनी गळ्याचं वरचं बटण सोडलं. "त्या वर्षीची वाइन फार चांगली झाली. लोक अजून मागतात."

मी उठले आणि टॉर्टेलिनी वाढल्या. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. कोंबड्याचं सूप, वर वाफ, बाहेर रणरणतं ऊन. लेआर्कोनं अर्ध्या टॉर्टेलिनी खाल्ल्या, मग आपली ती बिचारी बाटली उचलली आणि उरलेल्या सुपात वाइन ओतली. आमच्याकडे जुनी माणसं असंच करतात. चारचौघांत करू नये असं हल्ली मानतात. मग त्यानं वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि मोठ्यानं भुरका मारला.

दाविदेचा चमचा हवेत राहिला. सेकोंदो वाडग्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न.

"माझा बाप प्यायचा असं," ते म्हणाले. "मीही. आमच्या हिनं बंद केलं. म्हणायची, गडीमाणसांसारखं दिसतं." आणि त्यांनी आपला वाडगा पुढे केला. "ओता."

"बारोलो ओतू की माझी?"

"बारोलो कशाला वाया घालवता? तुमची ओता, ती बिघडलेलीच आहे."

लेआर्को इतका हसला की त्याला ठसका लागला. सेकोंदोंनी भुरका मारला, तो लेआर्कोच्याही वरताण. त्यांच्या पांढऱ्या मिशांना गुलाबी रंग लागला आणि त्यांनी तो पुसला नाही. मग दाविदेनंही ओतून घेतली, सांडली, माझ्या इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर नकाशा काढला. दोघे व्याही एकमेकांना फेसाची आणि पिंपांची टवाळी ऐकवू लागले. इतका दंगा माझ्या स्वयंपाकघरात कित्येक महिन्यांत झाला नव्हता, आणि मी जिवंत राहून तो ऐकत होते.

मोरेना उठली. वाटलं, बाहेर जाते रडायला. पण ती आपला वाडगा घेऊन टेबलाला वळसा घालून बापाजवळ येऊन उभी राहिली.

"मला पण."

"तुला कधी आवडलं नाही ते," लेआर्को म्हणाला.

"ओत तू."

त्यानं ओतली. तिनं उभ्या उभ्याच, दोन्ही हातांनी वाडगा धरून, तळापर्यंत पिऊन टाकलं. मग डोळे बारीक करून तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"आहेच," लेआर्को म्हणाला आणि तिच्या रिकाम्या वाडग्यात आणखी थोडी ओतली.