दाराबाहेरचा मुलगा

बार्केव कुयुमजियानला फ्रान्समधल्या देसीन या आर्मेनियन वस्तीच्या गावात नुसत्या नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'बारोन बार्केव' म्हणत, म्हणजे बार्केवसाहेब. साहेब कसला, कालव्याजवळ त्याचं बूट दुरुस्तीचं बारकंसं दुकान होतं. पण गेली पंचवीस वर्षं दर शनिवारी चर्चमागच्या खोलीत तो गावातल्या पोरांना आर्मेनियन शिकवायचा, फुकट, आणि पोरं फ्रेंचमध्ये कुजबुजली की खडूचा तुकडा असा नेमका मारायचा की कपाळावर पांढरा टिळा उमटे. फ्रेंच एक वेळ तो सहन करी. तुर्की भाषेचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. त्याचं स्वतःचं आडनाव अर्धं तुर्की, कुयुमजी म्हणजे तुर्कीत सोनार, पण ते सांगण्याची हिंमत कोणात नव्हती.

या बारोन बार्केवची आई येघसा लियोंच्या इस्पितळात पडली होती. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्या बाईचं सगळं आर्मेनियन पुसून गेलं. मुळात ते होतंच किती? 'ये', 'जेव', 'दार लाव', 'थंडी आहे', 'देव भलं करो'. चाळीस-पन्नास शब्दांवर तिने घर चालवलं, मुलगा वाढवला, सून आणली. आता तेही गेले आणि उरली ती तुर्की.

तिचा त्यात काय दोष? ती तुर्कस्तानातल्या कायसेरीकडची. तिकडचे आर्मेनियन पिढ्यान्‌पिढ्या घरात तुर्कीच बोलत. प्रार्थना तेवढी आर्मेनियन, तीही घोकलेली. १९१५च्या आर्मेनियनांच्या कत्तलीत घरची सगळी माणसं गेली. अकरा वर्षांची येघसा चालत चालत सीरियातल्या हलबला पोचली आणि एका घरात भांडी घासत मोठी झाली. ज्यांनी आईबापांना मारलं त्यांची भाषा आणि आईने जिच्यात अंगाई म्हटली ती भाषा, दोन्ही एकच. हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. मग फोटो पाहून ठरलेलं लग्न, मार्सेयची बोट आणि इथल्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात काम करणारा नवरा. बार्केव चार वर्षांचा असताना कारखान्याच्या धुराने नवऱ्याची छाती खाल्ली. घरात उरले मायलेक.

बार्केव सहा वर्षांचा झाला आणि आर्मेनियन शाळेत मास्तरांनी सांगितलं, ती भाषा आपल्या मारेकऱ्यांची, ती घरात नको. पोरगं घरी आलं आणि उंबऱ्यातच उभं राहून म्हणालं, "ती भाषा बोललीस तर मी तुला उत्तर देणार नाही." कुठलीही आई हसून सोडून देईल. येघसाही हसली आणि तिने तुर्कीतच विचारलं, भूक लागली का रे? पोरगं दोन दिवस जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून शब्द विचारून आणला आणि मोडक्या आर्मेनियनमध्ये म्हणाली, "जेव." त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं तिने त्याच्यासमोर तुर्कीचा एक शब्द काढला नाही. म्हणजे खरं तर फारसं काहीच काढलं नाही.

बार्केवला या गोष्टीचा अभिमान होता. शाळेत तो दाखला द्यायचा: माझी आई शिकली, तुम्हाला काय धाड भरलीय?

आणि आता हे.

रोज दुपारी दोनला दुकान बंद करून तो इस्पितळात येई. येघसा उशीवर मान वळवून दाराकडे बघे आणि बोबड्या, ओढलेल्या आवाजात एक वाक्य म्हणे. रोज तेच. त्यातला 'ओलुम' एवढा शब्द त्याला लागे: माझा मुलगा. बाकीचं कधी काळी कळत असणार, पण ते त्याने स्वतःच खरवडून काढलं होतं. तो खुर्ची पुढे ओढून तिचा हात धरी आणि आर्मेनियनमध्ये मोठ्याने म्हणे, "मी इथेच आहे, मायरिग. इथेच आहे." की ती तोंड मिटे. मग कितीही वेळ बसा, हूं नाही की चूं नाही.

आई काहीतरी मागतेय हे नक्की. मरणाऱ्या माणसाची इच्छा राहू नये म्हणून बार्केवने काय काय केलं! वाटलं, गावाची आठवण येत असेल. जर्दाळू आणले, डिसेंबरात, डब्यातले. वाटलं, धर्माचं काही असेल; पाद्रीबाबांना आणलं, त्यांनी तेल लावून प्रार्थना केली. वाटलं, कत्तलीत गेलेल्या कोणा बहिणीचं नाव घेत असेल. वही उघडून तो उशाशी बसला, की एक नाव जरी कळलं तरी लिहून ठेवू. येघसाने जर्दाळू खाल्ला नाही, पाद्रीबाबांच्या हाताला ओठ लावले आणि वहीकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे मान आणि तेच वाक्य.

"गावात तुर्की समजणाऱ्या वीस म्हाताऱ्या आहेत," त्याची बायको शाके म्हणाली. "आराक्सी तर रोज विचारते, भेटायला येऊ का म्हणून. ने ना एकीला. दोन मिनिटांत उलगडा होईल."

"आणि मग गावभर होऊ दे! बारोन बार्केवची आई तुर्की बरळते!"

"गावाला काय नवीन आहे त्यात? त्या सगळ्या झोपेत तुर्कीच बोलतात. माझी आईसुद्धा बोलायची."

"तुझी आई शाळा चालवत नव्हती."

"तुझीही नव्हती," शाके म्हणाली. "तू चालवतोस. ती बिचारी फक्त तुझी विद्यार्थीण. पहिली आणि सगळ्यात जास्त मार खाल्लेली."

"मी आईवर कधी हात उचलला नाही!"

"हात नाही उचललास," एवढं बोलून ती भांडी विसळायला गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा बार्केवचा हिशेब. त्याने आराक्सीला निरोप धाडला की आई फार थकलीय, डॉक्टर कोणाला भेटू देत नाहीत. धडधडीत खोटं.

एका गुरुवारी दुकानातली वीज गेली म्हणून तो दोनऐवजी अकरालाच इस्पितळात पोचला. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून कोणीतरी हसत होतं. दोन बायका. एक तरुण आवाज, खळखळून हसणारा, आणि दुसरा घोगरा, अडखळणारा, पण थांबायचं नाव न घेणारा. हा आवाज आपण कुठे ऐकलाय, असा विचार करत त्याने दार ढकललं. ती त्याची आई होती. वाकड्या तोंडाने, डाव्या हाताचे हातवारे करत ती काहीतरी रंगवून सांगत होती आणि फरशी पुसणारी बाई दांड्याला टेकून पोट धरून हसत होती.

येघसाने त्याला पाहिलं. हात पांघरुणावर पडला. तोंड मिटलं.

"कोण तू?" बार्केव ओरडला.

"गुलिझार. साफसफाईची, मुस्यू." डोक्याला रुमाल, फ्रेंच तोडकंमोडकं. तुर्की बाई आहे हे सांगायला नको होतं.

"माझ्या आईच्या खोलीत तुझं काय काम? नीघ आधी!"

ती बादली उचलून निघाली. जाताना येघसाच्या पांघरुणाचं टोक तेवढं सारखं केलं. बार्केव तासभर आईचा हात धरून बसला, पण त्याच्या कानातून ते हसणं जाईना. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने आईला हसताना पाहिलं होतं, हसवताना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी येघसाने खाणं सोडलं. शनिवारीही नर्सचा चमचा तोंडात गेला नाही. सोमवारी बार्केव बादल्या ठेवायच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिला. ज्या लोकांचं नाव उच्चारायचं नाही त्यांच्यातल्या एकीच्या दाराशी आईसाठी हात पसरायचा! पण आई उपाशी होती.

"बाई, कामावरून नाही काढायला आलो," तो म्हणाला. "ती रोज एक वाक्य म्हणते. मला बघितलं की म्हणते. काय मागते ती?"

गुलिझार हातमोजे काढत राहिली. "काही मागत नाही, मुस्यू."

"सांग ना. मी काय वाटेल ते आणून देईन."

"मावशी विचारते, 'माझा मुलगा गेला का?'" गुलिझारने मान खाली घातली. "विचारते, 'गेला असेल तर बोलू या.' आधी मला कळायचं नाही. मग कळलं. तुमच्या शेजारी कोणी बाई होती ना, माक्रुही? मला ती माक्रुही समजते. म्हणते, तू कुंपणाशी ये, तो कामावर गेला की बोलू."

माक्रुही शेजारीण वारून चौदा वर्षं झाली होती. बार्केव भिंतीला टेकला. मुलगा गेला का, असं ती विचारत होती आणि तो रोज हात धरून सांगत होता, मी इथेच आहे. इथेच आहे.

"काय बोलते ती?" त्याने विचारलं.

गुलिझारला हसू फुटलं. "अहो, फार वात्रट आहे मावशी! म्हणते, नवऱ्याने फोटो पाठवला त्यात हे एवढे केस. बोटीवरून उतरले तर समोर टकलू उभा. मी त्याला विचारलं, केस मागच्या बोटीने येतायत का?"

बापाचं टक्कल बार्केवला आठवलं. हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"माझी आजी पण तिकडचीच, कायसेरीजवळची," गुलिझार म्हणाली. "मावशी बोलते तर वाटतं आजीच बोलते. आजी गेली तेव्हा मी इथे होते, मुस्यू. मला जाता आलं नाही." ती डोळे पुसून म्हणाली, "मी जेवू घालते तिला. पण तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही असलात की ती बोलत नाही."

त्या दिवसापासून बार्केव दाराबाहेर बसू लागला. आधी आत जाऊन आईचा मुका घेई, मग बूट मुद्दाम आपटत बाहेर पडे, म्हणजे तिला ऐकू जावं, आणि चवड्यांवर परत येऊन दाराशी खुर्चीवर बसे. आतून प्रश्न येई. गुलिझार उत्तर देई. मग येघसा बोलू लागे. वर्षानुवर्षांचं साचलेलं! कधी रडे, कधी शिव्या घाली, त्या शिव्या असाव्यात एवढं तर त्यालाही कळे. बरेचदा दोघी हसत. बाहेर हा बसलेला, आईच्या बोलण्यातलं अक्षर न कळणारा मुलगा. गुलिझार कामाला परत जाताना चार गोष्टी सांगे, पण तिच्या फ्रेंचमध्ये त्यांचं पाणी होई, हे तिलाही कळे आणि त्यालाही.

पाचव्या दिवशी त्याने तिला विचारलं, "'बोल आई, मी रागावणार नाही,' हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं?"

तिने सांगितलं. कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत त्याने ते पन्नासदा म्हटलं. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सा बघत होत्या. मग तो आत गेला, पलंगाशी गुडघ्यांवर बसला, आणि ज्या भाषेला त्याने घराबाहेर हाकललं होतं त्या भाषेत आईला म्हणाला, बोल आई, मी रागावणार नाही.

येघसा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. डावा हात उचलून तिने त्याच्या तोंडावर ठेवला, जसा लेकरू काही वेडंवाकडं बोललं की ठेवतात. तिचे ओठ हलले, जुळेनात, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. झटक्याने पुसून गेलेल्या त्या पन्नास शब्दांतले दोन तिने कुठल्या तळातून वर ओढून काढले देव जाणे.

"आर्मेनियन बोल," ती त्याला आर्मेनियनमध्ये म्हणाली. मग भीत भीत हसली, धडा बरोबर आला का, असं विचारणारं हसू.

बार्केवने तिच्या तळव्याचे मुके घेतले. "शाबास, मायरिग," तो म्हणाला. मग उठून, बूट आपटत बाहेर गेला आणि मागे दार लावून घेतलं. खुर्चीवर बसून तो हुंदके देऊन रडला, पण आवाज होऊ दिला नाही. मुलगा गेलाय असं तिला वाटायला हवं होतं.

तीन दिवसांनी सकाळी येघसा गेली. गुलिझारच बाहेर येऊन म्हणाली, "मुस्यू, बोलता बोलता थांबली." काय सांगत होती, हे त्याने विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात मृताच्या नावाचं जेवण झालं. पिलाव होता, मटण होतं, हलवा होता, सगळा गाव होता. दारात डोक्याला रुमाल बांधलेली एक परकी बाई घुटमळली तेव्हा चमचे थांबले. बार्केव उठला, तिला हाताला धरून आत आणलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. "ही गुलिझार," तो म्हणाला. "माझ्या आईची मैत्रीण." आराक्सीचं तोंड उघडंच राहिलं. शाकेने मात्र आणखी एक ताट वाढलं.

मग पंचमंडळाचे अध्यक्ष पेला घेऊन उभे राहिले. "येघसाबाई म्हणजे अबोल बाई," ते म्हणाले. "कधी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असा शांत स्वभाव आता कुठे बघायला मिळतो? देव तिच्या आत्म्याला प्रकाश देवो."

सगळ्यांनी पेले उचलले. बार्केवने उचलला नाही.

"माझी आई अबोल नव्हती," तो म्हणाला. "मी घरात असायचो."

अध्यक्ष पेला हातात धरून तसेच उभे राहिले. टेबलाच्या टोकाला आराक्सी मान खाली घालून रडू लागली, आणि तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याही.