ठकीचा बाण

मालकांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला पक्कड लागते. या वेळी शिरलं होतं ते असं, की कंपनीत साधनं फार झाली आहेत. कुठल्याशा सल्लागारानं त्यांना सांगितलं होतं, 'कमी साधनं, जास्त काम', आणि ते वाक्य स्वतःलाच सुचल्यासारखं मालकांनी तीन दिवस सगळ्यांना ऐकवलं. चौथ्या दिवशी त्यांनी ताईला आत बोलावलं.

"ही आपली डेटाबेसची सेवा, आणि ते डिझाइनचं टूल. दोन्ही इंटरनेटवर. दोन्हीत सगळे मिळून काम करतात. दोन्हीत नुसते चौकोनच चौकोन. मग दोन कशाला? शुक्रवारपर्यंत तुलना करून द्या. एक ठेवू, एक काढू."

आता याला काय म्हणावं! पाण्याची टाकी आणि खिडकी यांची तुलना करा आणि एकच ठेवा, असं कुणी सांगितलं तर गवंडी थापी टाकून पळून जाईल. पण ताई सतरा वर्षं त्या कंपनीत होती, आणि मालकांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "बरं," म्हणाली आणि उठली.

कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी काम करायची. पेशंटनं फोनवरून वेळ घ्यायची, ती डॉक्टरांना दिसायची. चारशे दवाखान्यांच्या वेळा, पेशंटची नावं, कुणाची दाढ काढली नि कुणाची राहिली, हे सगळं डेटाबेसमध्ये, आणि त्याचा कारभार ताईकडे. पेशंटला फोनवर जे दिसतं, ती पानं, ती बटणं, ते रंग, हे डिझाइनच्या टूलमध्ये आखलं जायचं. आखणाऱ्यांत एक होती ताईची सख्खी धाकटी बहीण.

तिला घरात ठकीच म्हणायचे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत बसायची, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. टूलमध्येही तिनं तेच लिहिलं होतं. हे टूल मोठं गमतीचं होतं. एकाच पानावर दहा जण दहा गावांहून काम करणार, आणि प्रत्येकाच्या माउसचा बाण, नाव लावलेला, पडद्यावर फिरताना दिसणार. ठकीचा बाण हिरवा होता. आणि गेले अकरा महिने ताईला बहीण म्हणून जे काही उरलं होतं, ते म्हणजे तो हिरवा बाण.

भांडण कसं झालं ते सांगायलाच हवं. ठकीची बदली दुसऱ्या शहरातल्या शाखेत झाली आणि दोनच महिन्यांत आईनं अंथरूण धरलं. ठकी रोज फोनवर विचारायची, "येऊ का गं?" आणि ताई रोज म्हणायची, "नको, मी आहे ना. नवी जागा आहे, रजा कशाला घालवतेस?" एके दिवशी पहाटे आई गेली. ठकी पोचली दुपारी. घर माणसांनी भरलेलं, ताई तीन रात्रींची जागी, आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "पाहुण्या आल्यात, खुर्ची द्या रे कुणीतरी त्यांना." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. ठकी बसली नाही. आईला पोचवून सगळे परतले, तशी तिनं बॅग उचलली आणि गेली.

चूक आपली, हे ताईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. येऊ नको म्हणायचं आपणच आणि आली नाहीस म्हणून टोचायचंही आपणच! पण थोरलेपणाचा एक ताठा असतो मेला, तो तोंड उघडू देत नाही. आज करू फोन, उद्या करू, करता करता महिने उलटले. आणि जितके महिने गेले तितका तो फोन जड होत गेला.

मध्यंतरी एका कामासाठी ताईनं ते टूल उघडलं. ठकीनंच पूर्वी कधीतरी तिला त्यात फक्त बघण्याची परवानगी दिलेली होती. वेळ घेण्याचं पान समोर आलं आणि त्यावर हिरवा बाण. सरकला, थांबला, एका बटणाभोवती गोल गोल फिरला. शाळेत असताना गणित अडलं की ठकी बोटांत पेन्सिल अशीच फिरवायची.

त्या दिवसापासून सकाळी अकरा वाजले की ताई ते पान उघडायची आणि गालाला हात लावून बघत बसायची. आज बाण भराभर चालला म्हणजे स्वारी खुशीत आहे. आज रेंगाळतोय, झोप झालेली दिसत नाही. जेवते की नाही वेळेवर, कोण जाणे. अर्धा तास असं बघून झालं की पान मिटायची आणि आपल्या नोंदींकडे वळायची. दिवस ढकलायला तेवढं पुरायचं.

आपण तिथं असतो हे कुणाला कळत नाही, याची तिला खात्री होती. तिच्या कामात वाचणाऱ्याचा पत्ता लागत नसतो. डेटाबेसमधली एक नोंद दिवसातून हजार जणांनी वाचली तरी त्या नोंदीला त्याचं काही नसतं. कुणी बदल केला तरच बोंब. आपण कुठं काय बदलतोय? नुसतं बघतोय. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आपल्या नावाचं एक गोल दिसायचं, ते काय, हल्ली सगळीकडेच असतं.

तुलना लिहायला बसली तेव्हा तिच्या मनात पाप आलं, खोटं कशाला सांगा. लिहून टाकावं, टूल ठेवा. मालकांना काय कळतंय! पण चारशे दवाखान्यांत सुजलेले गाल धरून बसलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिनं सरळ लिहिलं: डेटाबेस काढला तर कंपनी त्याच दिवशी बंद, टूल काढलं तर काम हळू होईल, पण होईल. बुधवारी कागद दिला. मालक खूश. "टूल सोमवारपासून बंद. डिझाइनवाले चित्रं मेलनं पाठवतील एकमेकांना, त्यात काय!"

गुरुवारी अकरा वाजता ताई पान उघडून बसली. आता हे दोनच दिवस. हिरवा बाण आला, तशी तिला वाटलं, पडद्यात हात घालावा आणि धरून ठेवावं याला.

इतक्यात मागून दाढीवाला आला. हा मुख्य कार्यालयातला डिझाइनर, माणूस बोलका. "झाली का दोघी बहिणींची बैठक सुरू?"

"कसली बैठक?"

"अहो, रोज अकराला तुम्ही दोघी या पानावर. ठकीचा हिरवा बाण, तुमचा तांबडा. आम्हाला सगळ्यांना दिसतं की."

"मी तर फक्त बघते," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"बघणाराही दिसतो इथं, ताई. पण एक विचारू? हे पान तर चार महिन्यांपूर्वीच संपलं. दवाखान्यांत चालूसुद्धा झालं. मग ठकी रोज इथं येऊन करते काय? ते एकच बटण डावीकडे सरकवते, परत उजवीकडे आणते."

दाढीवाला हसला आणि चहा घ्यायला गेला. ताई पडद्याकडे बघत राहिली. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी गत झाली होती, पण लाज वाटायलासुद्धा तिला सवड नव्हती. बटण डावीकडे गेलं. बटण उजवीकडे आलं. चार महिने ही पोरगी काही काम नसताना येत होती.

ताई फोन घेऊन जिन्यात गेली. एकच घंटी वाजली.

"ताई?"

"ठके, मीच तुला येऊ नको म्हणत होते. आणि सगळ्यांसमोर टाकून बोलले ते मीच. चुकले गं मी."

ठकीनं विचारलं, "आई शेवटी काय म्हणाली? मला कुणी सांगितलंच नाही."

ताईनं कठडा घट्ट धरला. "तुला विचारत होती. ठकी कुठाय, ठकी कुठाय, एवढंच. मी खोटं सांगितलं, निघालीय म्हणून."

"मग?"

"मग दाराकडे तोंड करून पडून राहिली. कूस बदलू दिली नाही मला शेवटपर्यंत."

ठकीला हुंदका फुटला. मोठ्यानं, लाजलज्जा सोडून ती रडू लागली, आणि ताईनं तिला गप्प केलं नाही. जिन्यावरून माणसं चढत उतरत होती, ताईही भिंतीला टेकून रडत होती.

"फोन ठेवू नकोस," ठकी मध्येच म्हणाली.

"नाही ठेवत," ताई म्हणाली.